क्विरिन मास्तरची तोंडी परीक्षा

आमच्या विद्यापीठात सातशे विद्यार्थी, तीन भाषा आणि एक लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात. पण दारात उभे राहून सहाही जण आपापल्या भाषेत एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत बसतात आणि लिफ्ट रिकामीच वर निघून जाते. मी इथल्या भाषा विभागाच्या कचेरीत बावीस वर्षं काढली आणि कायम जिन्यानंच चढले.

माझं नाव वाल्बुर्गा, पण त्या नावानं मला फक्त बिशप आणि बँक ओळखते. बाकी सगळ्यांची मी बुर्गल. आमचा मुलूख दक्षिण तिरोल, म्हणजे कागदोपत्री इटली आणि निम्म्याहून जास्त घरांत बोली जर्मन. गावाला दोन नावं, नदीला दोन, स्टेशनालाही दोन. पत्रावर कुठलंही लिहा, पोस्टमन उशिराच येतो.

आम्हाला दोन गोष्टींचा अभिमान आहे, सफरचंदं आणि सौजन्य. सफरचंदांचं जग कौतुक करतंच, सौजन्याचं मला सांगावं लागेल. आजोबांच्या काळात इथे भाषेवरून डोकी फुटली. त्याची शरम म्हणून की काय, आता आम्ही उलट्या टोकाला गेलो आहोत. कुणी इटालियन माणूस जर्मन बोलता बोलता अडखळला, की समोरचा लगेच इटालियनवर येतो. जर्मन माणूस इटालियनमध्ये अडखळला, की समोरचा जर्मनवर. पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की यजमानीण विचारत नाही, वाढतेच, तसलाच हा प्रकार. यात आपण काही वाईट करतो असं आमच्या बापजन्मात कुणाला वाटलं नाही.

विद्यापीठात मात्र या सौजन्याला बंदी आहे, आणि तीही एकाच खोलीत, तोंडी परीक्षेच्या. पदवी हवी तर जर्मन, इटालियन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांची तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षकाच्या तोंडून दुसऱ्या भाषेचा एक शब्द जरी निघाला तरी ती परीक्षा रद्द. हा नियम सात प्राध्यापकांच्या समितीनं केला. त्या बैठकीचं टिपण मीच घेतलं होतं, म्हणून छातीठोकपणे सांगते की नियम त्यांच्यापैकी एकालाही नको होता. प्रत्येकाला वाटलं की समोरच्याला हवा आहे, आणि नाही कसं म्हणायचं? सातच्या सात हात वर झाले.

या नियमात सापडला क्विरिन थालगुटर. वय त्रेचाळीस, राहणार हिंटररीड, सोळाशे मीटर उंचीवरची वस्ती. त्याच्याकडे चौदा गायी होत्या आणि वस्तीच्या शाळेत अकरा मुलं. गायींचा आकडा पक्का होता, मुलांचा नव्हता. शाळेवर कायमची शिक्षिका कधी टिकली नाही. एकीला बर्फ मानवला नाही, दुसरीला वस्ती. म्हणून गेली सात वर्षं क्विरिनच बदली मास्तर म्हणून शिकवत होता, सकाळी गोठा, मग शाळा, मग पुन्हा गोठा. शेवटी वरून पत्र आलं. एक सप्टेंबरपर्यंत पदवीधर शिक्षक रुजू झाला नाही तर हिंटररीडची शाळा बंद, आणि मुलांनी खालच्या गावात जायचं. बसनं एक तास दहा मिनिटं. जानेवारीत हिमकडे कोसळायला लागले की बसही नाही.

क्विरिननं त्याआधीच चार वर्षं आमच्याकडे नाव घातलं होतं आणि सगळे विषय सोडवले होते. लेखी इटालियनमध्ये तर तो पहिल्या तिघांत. निबंध असा लिहायचा की ताम्बोसीबाई वाचून दाखवायच्या. डॉक्टर मारिलेना ताम्बोसी आमच्या इटालियनच्या परीक्षक, मायेची बाई, विद्यार्थ्याला शिंक आली तरी रुमाल काढणारी. राहिली होती फक्त इटालियनची तोंडी, पंधरा मिनिटांची. तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण क्विरिन बोलत नसे. चार वर्षांत तो माझ्याशी जेवढं बोलला तेवढं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, वर तिकिटालाही जागा उरली असती. हजार मीटरच्या वर आमच्याकडे सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. क्विरिन ते 'तू' घेऊन खाली यायचा आणि कुलगुरूंनाही तसंच संबोधायचा, पण पुढे काही वाक्य नसल्यामुळे कुणाला राग येत नसे. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं म्हणतात, ते याला बघूनच म्हटलं असावं. मी तर त्याला तोंडावर चिडवायची, तू डोंगरी बोली धरून चार भाषांत गप्प बसतोस, त्याचं प्रमाणपत्र दिलं असतं तर केव्हाच सुटला असतास. तो मान हलवायचा.

फेब्रुवारीत त्याची पहिली तोंडी झाली. प्रश्नोत्तरांचं टिपण घ्यायला कोपऱ्यात मी होते. ताम्बोसीबाईंनी विचारलं, थंडीत तुमचा दिवस कसा जातो. क्विरिननं तोंड उघडलं, मिटलं, छताकडे बघितलं. नऊ सेकंद गेली. बाईंच्या चेहऱ्यावर पाझर फुटायला लागला, आणि दहाव्या सेकंदाला त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "थंडीत हो, थंडीत काय करता?" परीक्षा रद्द. बाई तिथल्या तिथे रडकुंडीला आल्या आणि क्विरिननंच त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

मे महिन्यात दुसरी. या खेपेला बाई ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. अकरा सेकंद दम काढला. मग अगदी हळू आवाजात, जर्मनमध्येच, म्हणाल्या, "सावकाश होऊ दे, घाई नाही." मी पेन खाली ठेवलं.

आता एकच संधी होती, ऑगस्टच्या सत्तावीस तारखेची. नियम बदलायचा तर समिती बसायला हवी, आणि समिती नोव्हेंबरात बसते. परीक्षक बदलायचा तर सगळे इथलेच, एकाच आजाराचे रोगी. मला त्या अकरा पोरांचं फार वाटायला लागलं. त्यांतली दोन तर सहा वर्षांची होती. मी क्विरिनला म्हटलं, तुझं इटालियन डोक्यात आहे, जिभेवर नाही. जिभेला चालवायला कुणीतरी हवं. मीच चालवते.

पहिल्या दिवशी मी समोर घड्याळ ठेवलं आणि इटालियनमध्ये विचारलं, तुझ्या सगळ्यात हट्टी गायीबद्दल सांग. क्विरिन विचारात पडला. मी टिकले चार सेकंद. पाचव्याला माझ्या तोंडून जर्मनमध्ये गायीचं नाव बाहेर पडलं, आणि तेही चुकीच्या गायीचं.

म्हणजे जर्मनवर कधीही येणार नाही असं माणूस हवं होतं. तसं आख्ख्या इमारतीत एकच होतं, तळमजल्यावरच्या कॉफी बारची लोरेदाना. ती किओज्जाची, समुद्रावरच्या कोळ्यांच्या गावची. लग्न करून इकडे आली त्याला एकोणतीस वर्षं झाली. नवरा पुढे सोडून गेला, ती राहिली. माझ्या बावीस वर्षांत तिच्या तोंडून जर्मन ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. तुम्ही जर्मनमध्ये कॉफी मागा, ती इटालियनमध्ये देणार. आम्ही तिच्या हट्टाची खूप थट्टा करायचो. मी तर नव्या प्राध्यापकांना सांगायची, लोरेदानाला जर्मनचा एकच शब्द येतो, 'बंद', आणि तो तिनं दारावर लिहूनच ठेवला आहे. तिच्या देखत सांगायची. तीही हसायची.

जुलैच्या एका दुपारी मी क्विरिनला तिच्यापुढे नेऊन उभा केला. सुट्टीमुळे बारमध्ये चिटपाखरू नव्हतं. लोरेदानानं त्याला वरून खाली न्याहाळलं. तो खालून वर बघण्याइतका धीट नव्हता.

"हा बोलतो का?" तिनं मला विचारलं.

"बोलतो. पण वेळ लागतो."

"वेळच आहे माझ्याकडे. उन्हाळ्यात इथे माश्या येतात नाहीतर तुमचे प्राध्यापक, आणि दोघंही काही न घेताच जातात. करतो काय हा?"

"मास्तर आहे. शाळा वाचवायची आहे त्याची. पण लोरेदाना, तो थांबला तरी तू जर्मनवर यायचं नाहीस."

"मी?" ती म्हणाली आणि फडकं त्याच्या हातात दिलं. "चला मास्तर, कप पुसा. पुसता पुसता सांगा, आज काय जेवलात."

ठरलं असं की आठवड्यातून तीनदा, अडीच ते चार. मग चार दहाची बस, कारण गायी कुणासाठी थांबत नाहीत. पहिल्या आठवड्यात मी काचेतून डोकावले तर आत नुसती शांतता. तो कप पुसतोय, ती हिशेबाच्या वहीत शब्दकोडं सोडवतेय. मी हताश होऊन वर आले. दुसऱ्या आठवड्यात डोकावले तर क्विरिनचे ओठ हलत होते. एक शब्द, मग विश्रांती, मग दुसरा शब्द, आणि लोरेदाना हनुवटीला हात लावून त्याच्याकडे बघत होती. कुठे जायची घाई नसलेलं माणूस जसं बघतं तशी.

तिसऱ्या आठवड्यात लोकांना ते दिसायला लागलं. रिकाम्या इमारतीत ज्यांना काम नसतं त्यांची नजर फार तीक्ष्ण असते. ग्रंथालयातल्यांनी दोघांचं लग्नही लावून टाकलं, फक्त मेजवानीला तिच्याकडचा पोलेंटा करायचा की त्याच्याकडचे क्नोडल यावर त्यांचं एकमत होईना. मीही काही मागे नव्हते. क्विरिनला म्हटलं, काय रे, कप अजून किती दिवस पुसणार, आतापर्यंत त्यांवरची नक्षी गेली असेल. त्याचे कान लाल झाले.

"तिला कुणीतरी ऐकायला हवं असतं," तो म्हणाला.

त्याच्या मानानं हे भाषणच होतं. मी ते वाटेल तसं घेतलं आणि ग्रंथालयात पोचवलं. एकदा मी कॉफीला आत शिरले तेव्हा उलटाच देखावा होता. बोलत लोरेदाना होती, अगदी हळू, आणि क्विरिन एकच कप पुसत ऐकत होता. मला बघताच ती गप्प झाली आणि इटालियनमध्ये म्हणाली, तुझी नेहमीचीच ना. मला वाटलं, माझ्याच चहाड्या चालल्या असतील. वाटायला कारणही होतं, मी त्यांच्या चहाड्या करतच होते.

सत्तावीस तारखेला क्विरिन आला तो कोटाखाली शेतावरचा निळा एप्रन तसाच ठेवून. सकाळी एक गाय व्याली होती, बदलायला सवड मिळाली नाही. ताम्बोसीबाईंना रात्रभर झोप नव्हती. जिन्यात माझा दंड धरून म्हणाल्या, "बुर्गल, मी आज दाताखाली जीभ धरून बसणार आहे. अकरा मुलं आहेत हो." मी म्हटलं, बाई, काही झालं तरी तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी हे अशा थाटात सांगितलं की जणू मला तो आजार कधी झालाच नव्हता.

खोलीत आम्ही तिघं. बाई टेबलाच्या अलीकडे, क्विरिन पलीकडे, आणि खिडकीशी टिपणवही घेऊन मी. आवाज टिपणारं यंत्र चालू केलं. बाईंनी इटालियनमध्ये प्रश्न विचारला, वर्गाच्या बाहेर तुम्ही शिकलात अशी एक गोष्ट सांगा.

क्विरिन म्हणाला, "खाली लोरेदानाबाईंच्या बारमध्ये." आणि थांबला.

मी मनात मोजत होते. सहा. सात. "तिथे या उन्हाळ्यात मी..." तो म्हणाला आणि पुन्हा थांबला. शब्द शोधत होता हे दिसत होतं. कपाळावर आठ्या, उजवा हात हवेत अर्धा उचललेला. आठ. नऊ. बाईंनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ओठ मिटलेले. दहा. अकरा. शाब्बास बाई, मी मनात म्हटलं. बारा. मला ती सहा वर्षांची दोन पोरं बसमध्ये बसलेली दिसली. तेरा.

"धीर," मी म्हणाले. जर्मनमध्ये. मोठ्यानं.

बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी माझ्या तोंडावर दोन्ही हात ठेवले होते. बावीस वर्षांत मी त्या खोलीत शिंकलेसुद्धा नव्हते. एका शब्दानं मी शाळा बुडवली, असं मला स्वच्छ वाटलं.

क्विरिन माझ्याकडे वळला.

"बुर्गल, गप्प बस," तो इटालियनमध्ये म्हणाला. "माझं वाक्य चाललंय."

मग तो बाईंकडे वळला. हात अजून हवेतच होता, तो त्यानं टेबलावर ठेवला.

"धीर नाही म्हणायचं मला. मी दुसरा शब्द शोधत होतो. मी तिथे भांडायला शिकलो." तो थांबला. आम्ही दोघींनी श्वाससुद्धा घेतला नाही. "मी डोंगरावरून खाली आलो की लोक मला मदत करतात. बेकरीत करतात, नगरपालिकेत करतात. मी अर्धं वाक्य बोलतो, उरलेलं ते बोलतात. त्यांचं चुकतं. मी मान हलवतो. एकदा मला डावी दाढ दुखते म्हणायचं होतं. मी 'डावी' हा शब्द आठवत होतो. डॉक्टर भले होते, त्यांनी उजवी काढली." बाईंच्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. "म्हणून मी बोलणं सोडलं. लोक म्हणाले, डोंगरातला माणूस आहे, अबोल. मी अबोल नाही. माझी आई मला बडबड्या म्हणायची."

मी पेन उचललं होतं, टिपण घेणं माझं कामच होतं. क्विरिन आता खिडकीबाहेर बघत, पायऱ्या उतरावं तसा एकेक शब्द उतरत होता.

"लोरेदानाबाई मला थांबू देतात. मी एकदा 'पाऊस' हा शब्द शोधत असताना त्यांचं अख्खं शब्दकोडं सोडवून झालं. मग मी त्यांना विचारलं, तू कशी थांबू शकतेस. तर त्या जर्मनमध्ये बोलल्या."

माझं पेन थांबलं.

"त्यांना जर्मन येतं. एकोणतीस वर्षं शिकतायत, रेडिओ लावून. तुम्ही ऐकलंय का? मी ऐकलंय. मला जेवढा वेळ लागतो तेवढाच त्यांना लागतो. तासाला आमची थोडीच वाक्यं होतात, निम्मी त्यांची, निम्मी माझी, पण पूर्ण होतात. त्या आधी इथे बोलायच्या, सगळ्यांशी. पण त्या दोन शब्द बोलल्या की लोक इटालियनवर यायचे. हसून यायचे, प्रेमानं यायचे. नऊ वर्षांपूर्वी एका बाईचा नवरा वारला. लोरेदानाबाईंनी तिच्यासाठी जर्मनमध्ये एक वाक्य तयार केलं, तीन दिवस पाठ केलं. ती बाई बारमध्ये आली. यांचे तीन शब्द झाले. ती इटालियनमध्ये म्हणाली, आभारी आहे, साखर नको. कप उचलला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून लोरेदानाबाई जर्मन बोलल्या नाहीत. बाई कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मी भांडलो त्यांच्याशी, की तू तेव्हा म्हणायला हवं होतंस, थांब, माझं वाक्य चाललंय. आमचं एक आठवडा भांडण झालं. दोघांच्या भाषेत. ते मी शिकलो."

माझा नवरा सेप नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये गेला. मी कॉफीत साखर घेत नाही.

मला ते सगळं टिपणात लिहायचं होतं आणि मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी जन्मभर घाई केली होती. त्या दिवशी बारमध्ये मला वाटलं होतं की मी लोरेदानावर दया करते आहे. बिचारी, किती अडखळते, कशाला तिला त्रास. आता त्या खोलीत मला माझी एवढी लाज वाटली की खिडकीतून उडी मारावी, पण खोली पहिल्याच मजल्यावर होती आणि खाली बारचंच छप्पर होतं.

यंत्र बंद झालं. पंधराची अठरा मिनिटं झाली होती. ताम्बोसीबाईंनी नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि ते कलम दोनदा वाचलं.

"बाई, मी बोलले," मी म्हणाले. "मी टिपणात तसं लिहिलंय. टिपणनिसानं जर्मनमध्ये एक शब्द उच्चारला, उमेदवारानं तिला इटालियनमध्ये गप्प केलं."

"इथे 'परीक्षक' असं म्हटलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही परीक्षक आहात का?"

"नाही."

"उमेदवार आहात?"

"नाही."

"मग नियमाच्या दृष्टीनं तुम्ही इथे नाहीच. तुम्ही आणि ती खुर्ची सारख्याच. खुर्ची करकरली म्हणून परीक्षा रद्द होत नाही." त्यांनी सही केली, कागदावर शिक्का मारला, आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. त्या जर्मनमध्ये, इटालियनमध्ये आणि बहुधा इंग्रजीतही रडल्या.

"झालं?" क्विरिननं विचारलं.

"झालं," मी म्हटलं. "एक तारखेला शाळा उघड."

त्यानं कागद चौकोनी घडी करून एप्रनच्या खिशात घातला, वासराच्या दुधाच्या बाटलीशेजारी. दारात थांबला. मला वाटलं काही बोलणार, म्हणून मी वाट बघितली. त्यानं नुसती मान हलवली आणि चार दहाची बस गाठायला धावला.

मी खाली गेले. जिना नेहमीपेक्षा लांब वाटला. बारमध्ये लोरेदाना एकटी पेले लावत होती.

"एक कॉफी," मी जर्मनमध्ये म्हटलं.

"देते," ती इटालियनमध्ये म्हणाली. "मास्तरचं काय झालं?"

"पास झाला," मी म्हटलं, जर्मनमध्येच. "लोरेदाना, सेप गेला तेव्हा तू मला काहीतरी सांगत होतीस. मी ऐकून घेतलं नाही."

तिचा हात पेल्यावर थांबला. "मास्तर चहाडखोर निघाला," ती इटालियनमध्ये पुटपुटली. तिनं कॉफीचं यंत्र बंद केलं, फडकं खांद्यावर टाकलं, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. काही बोलू नकोस बुर्गल, मी स्वतःला बजावलं, तुझी जीभ गळून पडली तरी चालेल.

मग तिनं जर्मनमध्ये सुरुवात केली.

"तुझा नवरा," ती म्हणाली. आणि थांबली. "तुझा नवरा फार..."

पुढचा शब्द मला ठाऊक होता. अशा वेळी जो शब्द म्हणतात तो सगळ्यांनाच ठाऊक असतो, मला तो तेव्हा शंभर जणांनी म्हटला होता. भला. तो माझ्या ओठांवर येऊन बसला होता. मी गिळला. बाहेरून एक ट्रक गेला. लोरेदानाचे ओठ हलले, मिटले, ती छताकडे बघत राहिली.

"तुझा नवरा फार वाईट गायचा," ती म्हणाली. तिनं श्वास घेतला. "दर शुक्रवारी. गायनमंडळाच्या तालमीनंतर. इथे, या खुर्चीवर. आता शुक्रवारी इथे फार शांत असतं."

मी हसले. सेप खरोखरच भयंकर गायचा, आणि त्याच्या जाण्यावर बोलताना हे कुणीही म्हटलं नव्हतं, मी स्वतःही नाही. मग मला रडू फुटलं. लोरेदाना घाबरली नाही, पाणी द्यायला धावली नाही. तिच्या कपाळावर आठी होती. वाक्यात तिची काहीतरी चूक झाली होती, तिला ती सापडली होती, आणि तिनं बोट वर करून मला थांबायची खूण केली आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायला घेतलं.